श्रीधरचा गोटा

श्रीधरच्या कपाळानं दोन वर्षांत डोक्यावर बरंच अतिक्रमण केलं होतं. वय सत्तावीस, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कारकून. कन्हानच्या लतिकाशी लग्न ठरलेलं, मुहूर्त चार महिन्यांवर, आणि रोज सकाळी उशीवर केस. पोरगी त्याला मनापासून आवडली होती. हे स्थळ हातचं गेलं तर आपलं काही खरं नाही, असं त्याला वाटायचं. राग होता तो वडिलांचा. मुलगी पाहायच्या दिवशी आनंदरावांनी भर बैठकीत टोपी काढून टक्कल पुसलं होतं.

"बाबा, टोपी काढाची काय गरज होती?"

"घाम आला होता गा," आनंदराव म्हणाले.

महाल भागातल्या ताराचंद न्हाव्यानं उपाय सांगितला. "गोटा करा भाऊ. चार महिन्यात दुप्पट येतीन." त्याचं स्वतःचं डोकं रुमालाखाली असायचं, पण श्रीधरनं ते मनावर घेतलं नाही. गोटा झाला, वस्तऱ्यानं डोकं गुळगुळीत. मिशी तो ठेवत नसे, म्हणून तीही साक्षीला उरली नाही.

आता तरण्या माणसाच्या गोट्याचा आपल्याकडे एकच अर्थ. बाप गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेजारच्या बायजाबाई डोळ्याला पदर लावूनच आल्या. दार आनंदरावांनी उघडलं. बाई रडायच्या थांबल्या, आल्यासारखा चहा घेतला आणि गेल्या.

ऑफिसात कोणी काही विचारलं नाही. सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते, एवढंच. तिथून कन्हान किती लांब? शुक्रवारी लतिकाच्या वडिलांचं, भैय्याजींचं, कार्ड आलं. 'आनंदराव गेल्याचं कळून वाईट वाटलं. आता वर्षभर तुमच्याकडे कार्य होणार नाही. मुलीसाठी आम्हाला दुसरं स्थळ पाहणं भाग आहे.' कार्ड आनंदरावांनीच वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

श्रीधरनं कार्ड त्यांच्या हातून ओढून घेतलं. "बाबा, तुमाले कन्हानले चालावं लागते."

"मेलेल्या माणसाले तिकीट लागते काय?" म्हणत आनंदराव टोपी शोधायला लागले.

भैय्याजींनी व्याह्यांना आधी नीट निरखून पाहिलं, मग पाणी दिलं. लतिका शाळेत सायन्स शिकवायची.

"मग गोटा काहून केला?" तिनं विचारलं.

श्रीधरनं थाप मारायला तोंड उघडलं आणि खरं तेच सांगून बसला.

"केस कातडीच्या आत वाढते," लतिका वर्गात सांगावं तसं म्हणाली. "वस्तऱ्यानं कापतो ते मेलेलं टोक. मुळाले त्याचा पत्ताही नसते. एक केस दोन-चार वर्षं वाढते, गळते, काही महिन्यांनी त्याच मुळातून नवा येते. तुमचं मूळ दर खेपेला लहान होऊन राहिलं, म्हणून केसही बारीक येऊन राहिला. पुढं नुसती लव राहीन."

"म्हणजे येणार नाहीत?"

"गोटा केल्यानं तर नाहीच. हे आईकडून येते, बापाकडूनही येते."

श्रीधर खाली पाहत म्हणाला, "मग तुमी पुन्हा विचार करून सांगा."

"विचार तवाच झाला," लतिका म्हणाली. "तुमच्या बाबांनी टोपी काढली, तवाच समजलं पुढं काय होणार ते. होकार मी त्याच्यानंतर दिला."

श्रीधरला रडू येईलसं वाटलं. खोलीत उकडत होतं. आनंदरावांनी टोपी काढली आणि सावकाश डोकं पुसलं. या वेळी श्रीधरनंही रुमाल काढून आपला गोटा पुसला.