फुगवून की जशीच्या तशी

"एकच वाक्य म्हणायचंय, ताई," साहेब म्हणाले. "'शेरा लिहायचा माझ्याकडून राहिला.' बस. पार्टीची माणसं मान हलवतील, चहा घेतील आणि जातील."

"पण शेरा राहिलाच नाही," ताई म्हणाल्या. "फाइलच आली नाही माझ्याकडे."

"ते मला माहितीये."

"मग?"

"माहितीये म्हणून तर विनंती करतोय. माहीत नसतं तर रागावलो असतो."

हे त्यांनी इतक्या आपुलकीने सांगितलं की आपल्याला काहीतरी बक्षीस मिळतंय, असं ताईंना क्षणभर वाटून गेलं. टेबलावर गाडीच्या बॅटरीचा प्लास्टिकचा डबा होता आणि त्यावर त्याचं झाकण. डबा ठीक होता. झाकण मात्र थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं सैल बसलं होतं. साहेब बोलता बोलता ते बोटाने इकडून तिकडे सरकवत होते, आणि प्रत्येक वेळी ते खडखड वाजत होतं.

साचे बनवणारा हा कारखाना दोन मजली. वर डिझाइनवाले, खाली टूलरूम. वरचे संगणकावर चित्र काढणार, खालचे त्यावरून पोलादाच्या ठोकळ्यात साचा कोरणार. आपली चित्रं कुठेही भटकू नयेत अशी काम देणाऱ्या पार्ट्यांची अट असल्यामुळे वरचे आणि खालचे संगणक एकमेकांशी जोडलेले नव्हते. दोन्हींच्या मध्ये, जिन्याच्या अर्ध्यावर, जिथे इतर ठिकाणी लोक कुंडी ठेवतात, तिथे ताईंचं टेबल होतं. वरून फाइल आली की ताई एक प्रश्न विचारायच्या, त्याचं उत्तर फाइलच्या नावापुढे शेरा म्हणून लिहायच्या आणि मगच फाइल खाली सोडायच्या.

प्रश्न नेहमी तोच. "फुगवून दिलीय की जशीच्या तशी?"

प्लास्टिक साच्यात गार होताना आकसतं. म्हणून साचा वस्तूपेक्षा किंचित मोठा कापावा लागतो. हे मोठं करण्याचं काम कधी वरचेच करून द्यायचे, कधी खालच्यांवर सोडायचे; जशी पार्टी, जशी घाई. आणि फाइल फुगवलेली असो वा नसो, डोळ्यांना सारखीच दिसते. कोणी सांगितलं नाही तर खालचा माणूस आपल्या धर्माला जागून ती फुगवणारच.

किती फुगवायची, कशी फुगवायची, यातलं ताईंना काही कळत नव्हतं, आणि कळतं असा त्यांचा दावाही नव्हता. त्या इथे आल्या तेव्हा अमोनियाच्या वासाच्या यंत्रावर चित्रांच्या निळ्या नकला काढायच्या. नकला गेल्या, वास गेला, ताई राहिल्या. शिकवलं कोणी नाही, हाकललंही कोणी नाही. विचारायचं तेवढं त्यांना ठाऊक होतं, आणि एकदाही न विचारता त्यांनी फाइल सोडली नव्हती. त्यावरून चेष्टा व्हायची. चहावाला कप ठेवताना विचारायचा, "ताई, फुगवून देऊ की जसाच्या तसा?" त्या म्हणायच्या, "तू कालपासून पाणी घालून फुगवतोयसच. जसाच्या तसा दे एकदा, चव तरी कळू दे."

झाकणाच्या वेळी पार्टीला घाई होती. डिझाइनवाल्या इंजिनिअरला साहेबांनी सांगितलं, "ताईंची प्रश्नोत्तरं ऐकत बसू नका. थेट मामांच्या फोनवर टाका." या इंजिनिअरला खालचे लोक ढगोबा म्हणत, कारण काहीही मागितलं की तो 'क्लाउड'चं मराठी करून म्हणे, "ढगात ठेवलंय." ढगोबाने फाइल फुगवलेली होती. टूलरूमचे मामा, ज्यांच्या हाताखालून कारखान्यातले निम्मे साचे गेले असतील, त्यांनी ती सवयीने पुन्हा फुगवली. मशिन सुरू झालं. साचा जास्तच मोठा कापला गेला आणि एवढा मोठा पोलादाचा ठोकळा फुकट गेला.

आणि ताई रजेवर नव्हत्या, जेवायला गेल्या नव्हत्या. त्या जागेवरच होत्या. फाइल त्यांच्या डोक्यावरून गेली.

"यात तुमचं काय जाणार?" साहेब म्हणाले. "माणूस आहे, विसरतो. पण फाइल फोनवरून गेली हे पार्टीला कळलं तर करार मोडल्यासारखं होईल. मग फोन कोणाचा, म्हणून मामांवर येणार. टूलरूममध्ये फोन न्यायला बंदी आहे. त्यांना मी टूलरूमचं प्रमुख करणार होतो, ताई. आता तुम्हीच ठरवा."

"आणि पाठवायला ज्यांनी सांगितलं?"

"कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं. चेहऱ्यावर खरंच कुतूहल होतं.

ताई टेबलाशी परत आल्या तर मामा तिथे उभे. मामा नेहमी जिन्याच्या अर्ध्यापर्यंतच यायचे. टेबलाच्या पुढे पांढऱ्या फरश्या सुरू व्हायच्या आणि 'तेलाचे बूट घालून वर येऊ नये' अशी पाटी होती.

"बोलले ना साहेब?" मामांनी विचारलं.

"बोलले."

"मग म्हणाल ना तेवढं?"

"मामा, हे विचारायला तुम्ही जिना चढून आलात. फाइल आली तेव्हा एवढ्याच पायऱ्या चढला असतात तर?"

मामांनी हातातल्या फडक्याने स्वच्छ असलेलाच अंगठा पुसला. "साहेबांचा निरोप होता ताई. त्यांना नाही कसं म्हणायचं?"

"आणि मला नाही म्हणता येत नाही, असं तुम्हा सगळ्यांना कशावरून वाटलं?"

"तसं नाही हो. तुमचं कोणी काही करणार नाही. बायकांना कोणी एवढं धरत नाही."

ताईंची कानशिलं तापली. धरत नाही, हे खरंच होतं. एवढी वर्षं कोणी धरलं नव्हतं. आता चूक टेकवायला जागा हवी होती, तर नेमकी ताईंची आठवण झाली.

"मी तुमचं नाव घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पण खोटंही बोलणार नाही."

"म्हणजे एकच झालं," मामा म्हणाले आणि खाली उतरले.

घरी दोघीच. ताई आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई. ज्याच्यामुळे दोघींचं नातं जुळलं तो माणूस केव्हाच गेला होता. नातं मात्र कोणी मोडायला आलं नाही म्हणून चालू राहिलं. वन्सं पलंगावर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. ताईंनी दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणून टाक की," वन्सं म्हणाल्या. "राहिलं म्हणायला जीभ झिजते का? मी तुझ्या भावजींना रोज म्हणायची, मीठ घालायचं राहिलं. त्यांना कमी लागायचं म्हणून मुद्दामच घालत नव्हते."

"ते वेगळं, वन्सं."

"वेगळं काय त्यात?"

"तिथे स्वयंपाक तुमचाच होता. मी न केलेल्या स्वयंपाकाला मीठ राहिलं म्हणू का?"

वन्संनी चादरीचं टोक ओढून सरळ केलं.

"नोकरी जाईल गं," त्या म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता.

"जाईल कदाचित."

"मग?"

"एकदा मी विसरले म्हटलं, की पुढे प्रत्येक बिघडलेला ठोकळा माझ्याच टेबलावर आणून ठेवतील. ताई विसरतात, म्हणतील. मला दुसरं येतं काय, वन्सं? मी फक्त विचारते. तेच राहिलं असं मीच सांगायचं?"

"म्हणजे तुझं ठरलंय," वन्सं म्हणाल्या. "मग मला कशाला विचारतेस? चादर नीट धर. सगळी एका बाजूला गेली."

दुसऱ्या दिवशी पार्टीकडून दोघं आले. एक गृहस्थ होते, ते सारखं घड्याळ बघत. दुसऱ्या एक बाई होत्या, त्यांनी आल्याबरोबर झाकण उचलून डब्यावर ठेवलं, हलवलं, कानाशी नेलं. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत साहेब, ढगोबा आणि ताई बसले. मामांना बोलावलं नव्हतं. बूट तेलाचे होते म्हणून असेल.

साहेब आकसण्याबद्दल बरंच बोलले. मग, "शेवटी माणसांचं काम आहे," असं म्हणून त्यांनी ताईंकडे हात केला, लग्नात वाढप्याला इकडे ये म्हणून करतात तसा. "आमच्या ताई फार जुन्या आहेत. त्यांनाच फार वाईट वाटतंय."

"मला वाईट नाही वाटत," ताई म्हणाल्या. "राग आलाय."

घड्याळ बघणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"ही फाइल माझ्या टेबलावरून गेलीच नाही," ताई म्हणाल्या. "गेली असती तर मी विचारलं असतं. मी तेवढंच करते, आणि तेवढं मी कधी चुकवलेलं नाही. शेरा राहिला असं म्हणायला मला सांगितलंय. तो राहिला नाही. मला वगळलं."

"मग खाली कशी गेली?" बाईंनी विचारलं.

"ज्यांनी पाठवली ते माझ्या शेजारी बसलेत."

ढगोबा वाईट माणूस नव्हता. घरी तान्हं मूल होतं, डोळे कायम झोपाळलेले असायचे. त्याने आधी साहेबांकडे पाहिलं, मग झाकणाकडे, आणि सगळ्यात खालच्या आवाजात म्हणाला, "मला थेट फोनवर पाठवायला सांगितलं होतं. घाई होती."

कोणी सांगितलं, हे बाईंनी विचारलं नाही. खोलीत सांगू शकणारा माणूस एकच होता. त्याने झाकण सरकवायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

पुढे जे झालं ते कोणत्याही कारखान्यात होतं तसंच झालं. पार्टीने काम काढून घेतलं नाही. नवा ठोकळा कारखान्याने आपल्या पदरच्या पैशाने आणायचा, असं ठरलं. साहेब साहेबच राहिले. ढगोबाला ताकीद मिळाली. मामांना फोनबद्दल समज दिली गेली आणि टूलरूमचा प्रमुख बाहेरून आला. यापुढे वेळ वाचावा म्हणून वरच्या-खालच्यांसाठी एकच सामायिक फोल्डर निघालं. पार्ट्यांनी त्याला परवानगीही दिली. जो तो आपली फाइल तिथे ठेवणार, ज्याची तो उचलणार. मध्ये माणूस नको. त्या दिवशी साहेबांनी छोटं भाषण केलं. त्यात 'पारदर्शक' हा शब्द बऱ्याचदा आला.

जिन्यातलं टेबल हललं. तिथे कुंडी आली. ताईंना स्टोअरमध्ये पाठवलं, टूलरूमच्या कोपऱ्यात, जाळीच्या खिडकीमागे. हातमोजे द्यायचे, फडकी द्यायची, घेणाऱ्याची सही घ्यायची. कोणी काढलं नाही तुम्हाला, हे बघा, असं साहेब म्हणाले. चहावाल्याने पहिल्या दिवशी कप ठेवला आणि काहीच विचारलं नाही. ते ताईंना सगळ्यात जास्त लागलं.

मामा मोजे घ्यायला स्वतः येत नसत. दुसऱ्या कोणाला पाठवत. जाळीसमोरून जाताना मान अशी वळवत, जशी पलीकडच्या भिंतीवर रोज नवं काहीतरी लिहिलेलं असतं. ताईंनी हाक मारली नाही. कशाला मारायची? खोटं मामांनी मागितलं होतं, ताईंनी नाही.

मग झाकणासाठी नवा ठोकळा आला. क्रेनने मशिनवर चढवला, आवळून बसवला, फडक्याने पुसला. जुना, वाया गेलेला, दाराजवळ पडला होता. लोक त्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायचे. सामायिक फोल्डरात ढगोबाची फाइल आली होती. नावापुढे शेरा नव्हता. शेरा लिहायला आता कोणी नेमलेलं नव्हतं.

मामा पडद्यासमोर उभे राहिले. नवा प्रमुख म्हणाला, "चला मामा, टाका सुरू. आधीच उशीर झालाय."

मामांनी हात बटणापर्यंत नेला. तिथेच ठेवला. मग मागे वळून, कितीतरी दिवसांनी, जाळीकडे पाहिलं.

ताईंनीही पाहिलं. त्यांच्या हातात मोज्यांची जोडी होती. त्या उठल्या नाहीत. ते आता त्यांचं काम नव्हतं, तसं त्यांना लेखी कळवलेलं होतं.

"मामा, कुठे चाललात?" प्रमुखाने विचारलं.

मामा जिन्याकडे गेले. अर्ध्यावर, कुंडीपाशी, जरासे थांबले, जिथे ते आयुष्यभर थांबत आले होते. मग पाटीपुढे गेले. बूट न काढता.

वरच्या मजल्यावरचा आवाज खाली सहसा ऐकू येत नाही. पण सगळी टूलरूम गप्प होती, आणि मामांना मशिनच्या घरघरीवरून बोलायची सवय होती.

"ही फुगवून दिलीय की जशीच्या तशी?"

उत्तर खाली आलं नाही. ढगोबा नेहमीच हळू बोलायचा. ताईंनी मोज्यांची जोडी उलटी करून पाहिली, दोन्ही डाव्या हाताचे निघाले. त्यांनी एक बदलला. जाळीतून जिना दिसत होता. पांढऱ्या फरशीवर वरपर्यंत गेलेले तेलाचे ठसे चमकत होते, आणि खाली मशिन अजून थांबलेलं होतं.