‘सेट’ची दुसरी सही

इंग्रजीतल्या ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाने माझी सहा वर्षं खाल्ली. सूर्य सेट होतो, जेलीही होते. हाड सेट करतात, घड्याळही करतात. आणि कपबशांचाही सेटच. वर त्याची मुळं दोन. एक जुन्या इंग्रजीतलं, ‘बसवणे’वालं. दुसरं ‘पंथ, टोळी’वालं, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेलं. दोघं इतकी शतकं एका घरात राहिली, की कुठला अर्थ कुणाचा हे जन्मदात्यांनाही सांगता येऊ नये. एकूण अर्थ एकशे चौऱ्याण्णव. कार्डंही तितकीच, सगळ्या कोशात शेवटी तयार झालेली.

आमच्या कोशात प्रत्येक कार्डावर दोन सह्या लागतात: एक माझी, दुसरी तपासनिसाची. दुसरी नसेल तर अर्थ बाद. नियम मीच केलेला. तपासनीस मास्तर महिनाभर आजारी, आणि छापखान्याने दुपारी कळवलं, पाचला पानं मशीनवर चढणार. म्हणजे पाचनंतर एक असा इंग्रजी-मराठी कोश जन्माला येणार होता, ज्यात ‘सेट’ नाही आणि संपादक म्हणून माझं नाव आहे.

कार्डांचं खोकं बगलेत मारून मी चारला मास्तरांच्या घरी पोचलो. मास्तर पलंगावर. उजवा हात लुळा, उशीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मी स्टुलावर बसलो आणि, सांगायला लाज वाटते, रडलो.

“रडताय काय भाऊजी?” मास्तरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या. “आणा इकडे. मी करते सह्या.”

“तुम्ही? पण सही मास्तरांची...”

“मग इतकी वर्षं कोण करतंय? ‘ए’ संपेस्तोवर यांनी केल्या. मग कंटाळले. पुढच्या सगळ्या माझ्या.”

मास्तरांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

‘बी’ ते ‘झेड’! पायाखालची जमीन सरकली. पण जमिनीकडे बघायला वेळ नव्हता. मी पेन पुढे केलं. “करा वहिनी. नुसत्या करत सुटा.”

वहिनींनी चष्मा पुसला, पहिलं कार्ड उजेडात धरलं.

“नुसत्या कशा? वाचल्याशिवाय मी एकही केलेली नाही. हे वाक्य कुठल्या पुस्तकातलं? पानाचा आकडा कुठाय?”

“वहिनी, पाच वाजता...”

“मध्ये बोलू नका. मला मग पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.”

साडेचारला त्यांनी सातवं कार्ड खाली ठेवलं. पाचांवर सही झाली होती. दोन माझ्याकडे परत आली होती. दोन्हींत चूक माझीच होती.