सगळे दिवस शुभ

जावा बेटावरच्या योग्या शहराच्या उत्तरेला, बदकांच्या अंड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, पाक साब्दो, म्हणजे साब्दोसाहेब, यांची सहा माणसांची कंपनी होती. तिथल्या रेत्नोला शुक्रवारी सकाळी दहाच्या आत बू मुर्सितींची नवी वेबसाइट उघडून द्यायची होती. बू मुर्सिती, म्हणजे मुर्सितीबाई, लग्नाच्या जेवणावळींची कामं घेत. त्यांच्या एका हाकेवर तीन तालुके जेवायला बसत आणि चौथा नुसत्या वासावर ढेकर देत घरी जाई, अशी त्यांची ख्याती. दहाला पान उघडलं नाही, तर त्या सोलो शहरातल्या दुसऱ्या कंपनीकडे जाणार होत्या. हे त्यांनी हसत हसत सांगितलं होतं, म्हणजे अगदी पक्कं.

वेबसाइट म्हणजे तीनशे फायली. एक दुसरीला हाक मारते, आणि बंडलर नावाचा प्रोग्राम त्या हाकांमागे धावून एकेक फाईल शोधतो नि सगळ्यांचं मिळून गाठोडं बांधतो. रेत्नोच्या आधी हे काम करणाऱ्या गुनादीने या वाटा ‘एक पायरी वर जा, अजून एक वर जा’ अशा लिहून ठेवल्या होत्या. एक वाट तर इतकी वर जाई, की बंडलर परत यायचा तेव्हा त्याच्या अंगावर मेरापी ज्वालामुखीची राख असायची, असं ऑफिसात शपथेवर सांगत. गुनादी असेपर्यंत गाठोडंही त्याच्याच लॅपटॉपवर बांधलं जाई. मग तो नोकरी सोडून क्लातेनला बदकं पाळायला गेला.

रेत्नोने त्या सगळ्या शिड्या मोडल्या आणि मुख्य फोल्डरला एक टोपणनाव दिलं. आता कुणीही कुठूनही तेवढं नाव घ्यावं, बंडलरने तिथूनच शोधायला लागावं.

नऊ वाजता बंडलरने एकेचाळीस लाल ओळी ओकल्या. फाईल सापडत नाही. बघते तो टोपणनावापुढचा पत्ता एक पायरी चुकलेला. तिने ती ओळ सुधारली आणि चाळीस फायली मुकाट घरी आल्या. राहिली एक. तिचं नाव ‘नियम’.

नियम काय, प्रत्येक ऑफिसात असतात, असं मनाशी म्हणून रेत्नोने सेटिंगमध्ये एक ओळ घातली: जे सापडणार नाही, त्याच्या जागी रिकामी फाईल द्यावी. तिच्या गल्लीत वाट विचारणाऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणायची रीत नव्हती. काहीतरी दिशा दाखवायचीच. पाहुणा भलत्याच दारात पोचे, पण तोंडावर नकार ऐकून जात नसे. बंडलरही तसाच सभ्य झाला. सगळं हिरवं.

साडेनऊला बू मुर्सिती केळीच्या पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या लेम्पेरचा डबा घेऊन आल्या. बसल्या, चष्मा लावला आणि मुद्दाम सुरो महिन्यातली तारीख टाकली. पान म्हणालं, ‘शुभ दिवस. माणसं किती?’

“पोरी,” त्या म्हणाल्या, “सुरोत जावामध्ये कुत्रंसुद्धा संसार मांडत नाही. जुनं पान अडवायचं.”

“पण बू, सुरोत लग्न करतंय कोण?” पाक साब्दो हसत म्हणाले.

“पोरंटोरं. हॉल रिकामा मिळतो ना. मग आजीला कळतं, आजी अंथरूण धरते, आणि मी शिजवलेलं पातेल्यात राहतं. गेल्या खेपेला आठवडाभर सगळ्या गल्लीने माझं तिखटजाळ मांसाचं रेंदांग खाल्लं. मांजरं पाणी पाणी करत हिंडत होती.”

पाक साब्दोंनी रेत्नोला खिडकीशी नेलं. “आत्ता उघडून टाक, म्बाक रेत्नो. सोमवारी बघू.”

“पानाने ‘नियम’ला विचारलं, दिवस वाईट आहे का? रिकामी फाईल गप्प बसली, म्हणून पान शुभ म्हणालं. तिला गप्प मीच बसवलंय, पाक.”

“आणि दहाला लाल दिसलं तर?”

“तर लाल दिसेल.” तिने ती ओळ पुसली. बंडलर पुन्हा ओरडला. रेत्नोने गुनादीला फोन लावला. ती त्याला मास, म्हणजे दादा, म्हणे.

“मास गुनादी, ‘नियम’ कुठाय?”

“ती होय. ती प्रोजेक्टात नव्हतीच कधी. वरच्या, माझ्या घरगुती फोल्डरात. आजोबांनी तोंडी सांगितलेले वाईट दिवस आहेत, लोकांत कशाला ठेवू?”

“आणि तुझा लॅपटॉप?”

“अंड्यांच्या पेटीखाली. ऊब छान देतो. सत्तावीस पिल्लं काढलीत त्याने. तुमच्याकडे होता तेव्हा एवढं काम केलं नव्हतं.”

“उचल तो.”

“एक पिल्लू अर्धं बाहेर आलंय गं.”

“मास.”

नऊ बावन्नला फाईल आली. रेत्नोने ती प्रोजेक्टाच्या आत, टोपणनावाखाली ठेवली. नऊ अठ्ठावन्नला गाठोडं बांधलं गेलं, तेही कुणाच्या जागी रिकामी फाईल न देता. दहाला पान उघडलं.

दहा वाजून तीन मिनिटांनी पहिली मागणी आली. सहाशे माणसं, तारीख सुरोतली. पान म्हणालं, ‘हा दिवस लग्नाचा नाही.’

पाक साब्दोंनी कपाळाला हात लावला. “पहिलंच गिऱ्हाईक, आणि परत पाठवलं.”

“नाव तर वाचा,” बू मुर्सिती लेम्पेर सोलत म्हणाल्या.

पाक साब्दोंनी वाचलं. नाव त्यांच्याच धाकट्या चिरंजीवांचं होतं. त्यांना घरात काही कार्य ठरल्याची गंधवार्ता नव्हती. ते फोन घेऊन जिन्यात गेले. खाली अंडीवालीने दुकानाचा पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.