एका पडद्यामागच्या चार खोल्या

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि माणसं साडेतीन. अर्धा माणूस म्हणजे ओजस. त्याला की-बोर्डवरचं फक्त एंटर आवडतं, आणि तेसुद्धा मुठीने दाबायला.

नाहूरच्या आमच्या वन बीएचकेमध्ये हा कॉम्प्युटर डायनिंग टेबलच्या एका टोकाला असतो. दुसऱ्या टोकाला आम्ही जेवतो. त्यावर मी सकाळी चार तास एका विमा कंपनीचे कागद तपासते, सासूबाई दुपारी भजनी मंडळाची कामं करतात आणि अनिरुद्ध, म्हणजे माझा नवरा, संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसातून येऊन त्यात काय करतो ते त्यालाच माहीत.

गणपती झाल्यावर एका दुपारी सासूबाईंनी माझे एकेचाळीस टॅब बंद केले.

"किती उघडं टाकून ठेवतेस गं," त्या म्हणाल्या. "एकेक करून मिटवलं सगळं. वीस मिनिटं लागली मला."

मी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी मंडळाची नवरात्राची यादी माझ्या हातून सेव्ह न होता बंद झाली. मी मुद्दाम केलं नाही. खरंच नाही. पण त्यानंतर दोन दिवस घरात मीठ मागायचं तरी ओजसच्या नावाने मागितलं जात होतं. "ओजस, आईला सांग, आमटी अळणी आहे." ओजस काही सांगायचा नाही, कारण ओजस बोलायचाच नाही.

अनिरुद्धचा स्वभाव असा की घरात भांडण झालं की तो काहीतरी डाउनलोड करतो. "हा माणसांचा प्रॉब्लेम नाहीये," तो रविवारी म्हणाला, "जागेचा आहे." आणि त्याने व्हर्च्युअल डेस्कटॉपचा मॅनेजर टाकला. पडदा एकच, पण त्याच्यामागे चार वेगवेगळी टेबलं. एक बटण दाबलं की माझ्या सगळ्या खिडक्या गायब आणि सासूबाईंच्या हजर. कोणाचं काही बंद होत नाही, फक्त दिसेनासं होतं.

"भिंत न पाडता चार खोल्या," तो म्हणाला. एवढा अभिमान त्याला फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

त्याने नियमांचा कागद छापून फ्रिजवर चिकटवला. पहिली खोली हॉल, दुसरी गंधाली, म्हणजे मी, तिसरी आई, चौथी 'मी', म्हणजे तो.

"माझी तिसरी का?" सासूबाई.

"आई, नंबराला काही अर्थ नाही."

"मग मला पहिली दे."

"पहिली हॉल आहे. ती कोणाचीच नाही. बाहेरच्यांसाठी आहे."

हे मात्र त्यांना लगेच पटलं. आमच्याकडे बेल वाजली की सोफ्यावरचे वाळलेले कपडे, ओजसची खेळणी, इस्त्रीचा गठ्ठा असं सगळं उचलून बेडरूममध्ये लोटतात आणि दार ओढून घेतात. पाहुणा म्हणतो, लहान मूल असून घर किती नीट. दाराला मागून पाठ लावून कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही. कॉम्प्युटरमधला हॉलही तसाच. एकही फाइल नाही. मागे नॅशनल पार्कमधला आमचा फोटो, ओजस हसतोय, बोटाने काहीतरी दाखवतोय. फोटो बघून कोणाला काही कळणार नाही असा फोटो.

सासूबाईंना बटणांचे आकडे लक्षात राहीनात, म्हणून त्यांच्यासाठी एक सोय केली. माउस वरच्या डाव्या कोपऱ्यात नेला की चारही खोल्या छोट्या चौकटींमध्ये एकदम दिसायच्या, हवी तिच्यावर क्लिक करायचं.

"पण मग कोणीही कोणाच्या खोलीत शिरेल," मी म्हटलं. "कुलूप नाही का?"

"कुलूप कशाला? संस्कार आहेत."

संस्कार होते. कोणी कोणाच्या खोलीत डोकावलं नाही. घरात भांडण राहिलं नाही, आणि हळूहळू बोलणंही फारसं राहिलं नाही. सासूबाई त्यांच्या खोलीत, मी माझ्या, अनिरुद्ध त्याच्या. कॉम्प्युटर तोच, खुर्चीसुद्धा तीच.

माझ्या खोलीत विम्याच्या कागदांमागे एक खिडकी कायम उघडी असायची. 'साडेतीन वर्षांचा मुलगा बोलत नाही कारणे.' ओजस चार वर्षांचा व्हायला तीन महिने राहिले होते आणि तो नऊ शब्द बोलत होता. आई, बाबा, पाणी, दे, नको, गाडी, टाटा, अजून, भू. मी मोजत होते. खालच्या बागेत बाकीच्या आया सहज बोलताना सांगायच्या, "आमची गार्गी तर प्रश्न विचारून डोकं खाते," आणि मी हसून म्हणायची, "हो ना." घाटकोपरला एक स्पीच थेरपिस्ट होत्या. त्यांचा फॉर्म मी अर्धा भरून ठेवला होता. 'तक्रार' या रकान्यापाशी एकोणीस दिवस थांबले होते. अनिरुद्धला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मी पण उशिरा बोललो. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या काहीच बोलल्या नसत्या, फक्त माझ्याकडे बघितलं असतं. त्याची मला जास्त भीती.

डिसेंबरात मुलुंडच्या शाळेचा ज्युनियर केजीचा फॉर्म आला. मुलाची मुलाखत घेत नाहीत, फक्त पालकांशी ऑनलाइन गप्पा मारतात असं लिहिलं होतं. त्या गप्पांसाठी पाच पानी सूचना होत्या. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. मूल बोलते: (अ) सुटे शब्द (ब) दोन-तीन शब्दांची वाक्ये (क) पूर्ण वाक्ये.

"क," अनिरुद्ध म्हणाला.

"अरे, पण..."

"सगळे क करतात, गंधाली. शाळा आपोआप एक पायरी कमी धरते."

मी क वर खूण केली. पेनने.

मुलाचा घरातला नव्वद सेकंदांचा व्हिडिओही दाखवायचा होता. तो अनिरुद्धने चार संध्याकाळी बसून कापून जोडला. त्यात ओजस म्हणतो, "आई पाणी दे." पूर्ण वाक्य. फक्त 'आई'ला त्याचा टी-शर्ट पिवळा आहे, 'पाणी'ला निळा आणि 'दे' म्हणताना त्याने स्वेटर घातलाय.

"कपड्यांकडे कोण बघतं," तो म्हणाला.

मी बघितलं असतं.

शनिवारी अकरा वाजता आम्ही तिघं टेबलाच्या कॉम्प्युटरच्या टोकाला दाटीवाटीने बसलो. ओजस बेडरूममध्ये शकुताईंजवळ, म्हणजे आमच्या स्वयंपाकाच्या बाईंजवळ. दार ओढून घेतलेलं. पडद्यावर हॉल. शाळेच्या मुख्याध्यापिका माणिक मॅडम चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. व्हिडिओला आवाज येईना, म्हणून अनिरुद्धने फक्त व्हिडिओची खिडकी न दाखवता सगळा पडदाच शेअर केला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"हॉलच तर आहे," तो ओठ न हलवता म्हणाला.

व्हिडिओ संपला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "टी-शर्ट बरेच आहेत त्याच्याकडे."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"आजी, दिवसभर तो तुमच्याजवळ असतो ना? तुमच्याशी काय बोलतो?"

"खूप," सासूबाई म्हणाल्या. "लिफ्टचं वेड आहे त्याला. परवा चित्र काढलंन लिफ्टचं. थांबा, दाखवते, फोटो काढून ठेवलाय माझ्या खोलीत."

"राहू द्या आजी, आता उठू नका."

"उठतेय कशाला, इथेच तर आहे," असं म्हणून त्यांनी अनिरुद्धच्या हाताखालून माउस ओढून घेतला आणि वर डाव्या कोपऱ्यात नेला.

चारही खोल्या पडद्यावर मांडल्या गेल्या. हॉलमध्ये आमचा हसरा फोटो. त्याच्या शेजारी माझी खोली आणि तिच्यात 'बोलत नाही कारणे' आणि घाटकोपरचा अर्धा फॉर्म. तिच्या खाली अनिरुद्धची. मला वाटायचं तो तिथे शेअर बाजार बघतो. तिथे एक आलेख होता, नाव 'ओजस शब्द', आणि त्याची रेघ ऑगस्टपासून आडवी झोपली होती. सासूबाईंच्या चौकटीत काय आहे ते वाचेपर्यंत त्यांनी तिच्यावर क्लिक केलं आणि ती पडदाभर झाली. डोळ्यांसाठी त्या अक्षरं दीडपट ठेवतात, त्यामुळे मॅडमनाही चष्मा लावावा लागला नाही.

बालकाचे नाव: ओजस. वय: तीन वर्षे नऊ महिने. तक्रार: बोलत नाही. वेळ: मंगळवार, साडेचार. अपॉइंटमेंट निश्चित.

"हे नव्हे," सासूबाई पुटपुटल्या. "चित्र याच्या मागे आहे."

अनिरुद्धने हॉलचं बटण दाबलं. आम्ही परत नॅशनल पार्कमध्ये आलो. आतून शकुताईंचा "हळू रे बाबा" ऐकू आला.

"तुमच्या फॉर्मवर क वर खूण आहे," मॅडम म्हणाल्या.

"टायपिंग मिस्टेक असेल," अनिरुद्ध म्हणाला.

"फॉर्म हाताने भरलाय."

यावर त्याच्याकडे काही डाउनलोड करण्यासारखं नव्हतं. मॅडमनी चष्मा खाली घेतला. "हे बघा, आमच्याकडे कमी बोलणारी मुलं येतात. दरवर्षी येतात. पण खरं आम्हाला माहीत नसेल तर आमच्या टीचर काय करणार? मंगळवारी जाऊन या. काय सांगतात ते कळवा आणि फॉर्म नवीन भरा. जागा मी तोपर्यंत धरून ठेवते." आणि कॉल बंद करता करता म्हणाल्या, "आजी, लिफ्टचं चित्र मला मेल करा."

कॉल संपला तरी आम्ही तिघं तसेच पडद्याकडे बघत बसलो.

"मुलुंडला आहे," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "बाई चांगल्या आहेत म्हणतात. मंडळातल्या सुंदराबाईंचा नातू जायचा."

"आई, तुम्ही मला सांगणार कधी होतात?" मी विचारलं.

"मंगळवारी बागेत नेते म्हणून नेलं असतं. आल्यावर सांगितलं असतं."

"आल्यावर?"

"आधी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, सासू माझ्या पोरात खोट काढते." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "तू रोज त्याच्याशी किती बोलतेस ते मी ऐकते ना. मग कसं सांगायचं?"

मी अनिरुद्धकडे बघितलं. "आणि तू? आलेख?"

"अंधेरीला एका थेरपिस्टकडे नाव लावलंय. वेटिंगला चौदावा आहे." त्याने मान खाली घातली. "तू आधीच इतकी काळजी करतेस. म्हटलं डेटा तरी पूर्ण होऊ दे."

मला खूप राग यायला हवा होता. आला पण. पण घाटकोपरचा माझा फॉर्म त्यांनी नुकताच बघितला होता, त्यामुळे तो कोणावर काढावा ते कळेना.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही तीन याद्या शेजारीशेजारी मांडल्या. माझे नऊ शब्द. अनिरुद्धचे आठ, कारण 'भू'ला तो शब्द धरत नव्हता. सासूबाईंचे बावीस.

"बावीस कुठून आले?" मी विचारलं.

"तुमचं लक्ष असतं कुठे? कुकरची शिट्टी झाली की 'कुक' म्हणतो. लिफ्टमध्ये 'सात' म्हणतो, आपला मजला. शकुला 'अकु' म्हणतो."

"अकु धरायचं नाही," अनिरुद्ध म्हणाला. "उच्चार स्पष्ट नाही."

"तुझ्या बापाला तू पाच वर्षांचा होईपर्यंत 'आप्पू' म्हणायचास. आम्ही धरलं होतं."

अकु धरलं. भूसुद्धा धरलं. माझ्या यादीतलं 'अजून' सासूबाईंकडे नव्हतं. तो ते फक्त मला म्हणतो, गोष्ट संपली की. सगळे मिळून तेवीस झाले. तेवीस हे काही फार नव्हेत. चार वर्षांच्या मुलाचे शेकड्यांनी असतात, हे आम्ही तिघांनीही आपापल्या खोलीत वाचलेलं होतं. आणि दोन शब्द जोडून तो कोणाच्याच यादीत बोलत नव्हता.

सोमवारी सकाळी क्लिनिकमधून फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"सपना बोलतेय, रिसेप्शनवरून. उद्या साडेचारचं कन्फर्म करायचं होतं. किती जण येणार?"

"तीन," मी म्हटलं.

"मुलाला धरून ना?"

"मुलाला सोडून."

"मॅडम, आत दोनच मोठे बसू शकतात. खोली लहान आहे."

"अपॉइंटमेंट मी घेतलीये," सासूबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "मी आत बसणार."

"आकडे सगळे माझ्याकडे आहेत," अनिरुद्ध म्हणाला. "ते मलाच समजावून सांगावे लागतील."

"तुझी ती झोपलेली रेघ बघून बाईंना काय कळणार आहे?"

"आई, त्यात तारखा आहेत."

"ते तुम्ही तुमचं ठरवा," सपना म्हणाली. "फॉर्मवर तक्रार फक्त 'बोलत नाही' एवढीच आहे. अजून काही लिहू का?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दाराआड उभं राहावं असं मला फार वाटलं.

"लिहा," मी म्हटलं. "तो चार वर्षांचा होत आलाय. तेवीस शब्द बोलतो. वाक्य नाही बोलत. एकही नाही. सांगितलेलं बहुतेक सगळं कळतं त्याला. हाक मारली की लगेच बघतो, पण कधीकधी नाही बघत. आणि मी कोणालाच सांगितलं नव्हतं हे."

"शेवटचं लिहायचंय का?"

"नको."

"बरं. येताना त्याला खायला घालून आणा, भुकेली मुलं काही करत नाहीत. आवडीचं खेळणं आणा एखादं."

फोन ठेवला आणि बाहेर कोणी बसायचं यावर जे भांडण सुरू झालं ते मंगळवारी चारपर्यंत चाललं. भांडण चांगलं मोठ्या आवाजात होतं. ओजस तिघांच्या मध्ये उभा राहून जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होता. रिक्षात आम्ही चौघंही बसलो.