रव्यावर जुळलेला सूर

मी ढोलकी बोलतेय. आत्ता कुणी वाजवत नाहीये, म्हणून जरा उसंत मिळाली.

लाकडाचा ओंडका कोरून मला घडवलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढवून ते कडेच्या नट-बोल्टांनी ताणलं. उजवीकडे मधोमध काळ्या शाईचा गोल थापला. त्या शाईच्या वजनामुळेच मला सूर आहे. नाहीतर मी नुसती धबधब वाजले असते.

बावीस वर्षांपूर्वी दशरथ ओव्हाळांनी मला बुधवार पेठेतून आणलं, बसमध्ये मांडीवर घेऊन. तेव्हापासून वस्तीतल्या विहारात जवळजवळ प्रत्येक भीमजयंतीला मी वाजले. दीपाली, त्यांची लेक, तान्ही असताना माझ्याच ठेक्यावर झोपायची.

दशरथ कारखान्यात प्रेस मशीनवर होते. दिवसभर पत्र्यावर घण पडावा तसा आवाज. हळूहळू त्यांचे कान गेले. कानाला यंत्र लावल्यावर बोलणं कळायला लागलं, पण बारीक सूर काही हाती लागेना.

गेल्या वर्षीच्या तालमीत पेटीवाल्या राकेशनं हात थांबवला. "दशरथदादा, आम्ही स्वारगेटला निघालोय. तुमची ढोलकी वाघोलीला कुठं चाललीये?"

सगळे हसले. दशरथही हसले. घरी येऊन त्यांनी मला चादरीत गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं. वर्षभर मी तिथंच.

दीपाली वाघोलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. यंदा मार्चमध्ये एका रविवारी तिनं मला खाली उतरवलं.

"पप्पा, ताल चुकतो का तुमचा?"

"ताल हातात असतो गं. सूरच लागत नाही."

"मग तो बघून लावा."

तिनं मला उभं केलं, शाईची बाजू वर. वर चिमूटभर रवा भुरभुरला, मोबाईलमध्ये राकेशच्या पेटीचा सूर लावला आणि छोटा स्पीकर माझ्या अगदी जवळ धरला. रवा जेमतेम हलला.

"आता नट आवळा. थोडा थोडा, सगळीकडून सारखा."

दशरथांनी पाना घेतला. नट आवळणं तर त्यांचा रोजचाच धंदा! एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीला माझ्या अंगातून अशी शिरशिरी गेली, की रवा टुणटुण उडायलाच लागला.

"झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की तो कसा उंच जातो? तसंच हे," दीपाली म्हणाली. "तिचा सूर आणि पेटीचा सूर एक झाला, म्हणून ती एवढी हलतेय."

दशरथांनी तळहात हलकेच माझ्या कडेवर टेकवला. मग म्हणाले, "लागला गं. हाताला कळतोय."

चौदा एप्रिलला विहारात खच्चून गर्दी होती. पहिल्या थापेला राकेशनं मान वर केली. गाणं संपल्यावर तो जवळ आला.

"दादा, सूर कुणी लावून दिला?"

"मीच लावला. डोळ्यांनी."

राकेशनं आपल्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझी पेटी पण दाखवता का जरा डोळ्यांना? तिचे दोन सूर मलाच पटत नाहीत."

आता दर रविवारी आमचा हा उद्योग चालतो. वस्तीतली पोरं रव्याचा नाच बघायला येतात आणि दीपाली त्यांना समजावत बसते. माझी तक्रार काही नाही. विनंती मात्र एकच आहे: सूर लावून झाला, की मला नीट झटका. मुंग्यांना सुरातलं काही कळत नाही, रव्यातलं मात्र चांगलं कळतं.