द्यायची तारीख

कारखान्यातल्या मास्तरांनी स्टूल आणून तिच्या मागे ठेवलं आणि पायानेच थोडं पुढे सरकवलं. तिने वळून पाहिलं नाही. टेबलावर निळ्या जाड कापडाचे चाळीस थर अंथरलेले होते. वरच्या थरावर पुठ्ठ्याचा साचा दाबून धरून ती त्याच्या कडेने खडू फिरवत होती. बाही, पाठ, पुन्हा बाही. उजव्या पायाच्या अंगठ्याशी ठणका सुरू झाला, तसा तिने भार डाव्या पायावर घेतला.

"बसून करा, ताई. पहिलाच दिवस आहे," मास्तर म्हणाले.

"बसून रेघ सरळ येत नाही."

"तीन महिने वाकड्या रेघांवरच भागवलंय आम्ही. अजून एक दिवस भागेल."

ती हसली, पण बसली नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत ते स्टूल तिच्या मागे तसंच रिकामं राहिलं.

गणवेश शिवण्याच्या या कारखान्यात ती अठरा वर्षं कापड कापत होती. अठरा वर्षं उभ्याने. अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढत गेलं, अंगठा शेजारच्या बोटावर चढला, आणि शेवटी डॉक्टरांनी हाड कापून, सरळ करून, आत दोन स्क्रू बसवले. हे सगळं कारखान्यात सर्वांना ठाऊक होतं, कारण रेडिओला ठाऊक होतं. रेडिओ म्हणजे बटणं लावणारी बाई. तिच्या टेबलावर सकाळी पडलेली बातमी जेवणाच्या सुट्टीआधी फाटकावरच्या रखवालदारापर्यंत पोचलेली असे.

आज रेडिओला नवा श्रोता मिळाला होता. महिन्याभरापूर्वी लागलेली इस्त्रीवाली डबा उघडून समोर बसली होती.

"अगं, ह्याच त्या ताई," रेडिओ सांगू लागली. "पाय टेकवायलासुद्धा बंदी होती. काय? सुद्धा! सेवेला आई आलेली. ती बिचारी जिन्यात कोसळली, खालून शेजारणीची हाक आली, आणि ह्या कुबडी टाकून दोन मजले धावत उतरल्या. अनवाणी. आत स्क्रू! मी मेले असते एका पायरीत."

"दुखलं नाही?" इस्त्रीवालीने तिच्याकडे बघत विचारलं.

"तेव्हा भान असतं का?" रेडिओनेच उत्तर दिलं. "आईची माया असते बाई ती. स्क्रू काय करणार तिच्यापुढे?"

इस्त्रीवाली टेबलाखालच्या त्या पायाकडे देवाच्या पायाकडे बघावं तशी बघत राहिली. तो दुखरा पाय तिने स्टुलाखाली ओढून घेतला आणि डब्याचं झाकण लावलं. डबा अर्धा भरलेला होता.

सुट्टी संपता संपता मास्तर पुन्हा आले. त्यांची नजर तिच्या पट्ट्याच्या चपलांवर होती.

"आज चालवून घेतलं, पण उद्यापासून बंद बूट लागतील. इथे पातं पडतं, कात्री पडते. तुम्हीच नव्या पोरींना दम देता ना?"

"सूज आहे अजून. जुने बूट जात नाहीत पायात."

"मग बघा काहीतरी. तुमच्या त्या पायावर काही पडलं तर हा रेडिओ मला जगू देणार नाही."

संध्याकाळी ती घराचा जिना चढू लागली. तीन मजले. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती नेहमीसारखी भिंतीच्या कडेने गेली. मधली फरशी तिने गेल्या महिन्याभरात ओलांडली होती, तुडवली नव्हती.

चढताना तिच्या कानात दुसऱ्याच पावलांचा आवाज असे.

आई दादाकडे राहायची, दुसऱ्या गावी. ऑपरेशनचं कळल्यावर ती एका पिशवीत दोन साड्या आणि दुसऱ्या पिशवीत शिवणाचं सामान घेऊन आली. "हात रिकामे ठेवून बसणं मला जमत नाही," म्हणाली. पण त्या सहा आठवड्यांत तिचे हात पुष्कळदा रिकामे असत. दुपारी ती पलंगासमोर खुर्ची ओढून बसे, मुलीचे केस विंचरून देई, दुखरा पाय मांडीवर घेई. त्रेचाळीस वर्षांत मुलीने आईला इतका वेळ समोरून पाहिलं नव्हतं. लहानपणी आई म्हणजे एक पाठ होती, शिवणयंत्रावर वाकलेली. तिच्याशी बोलायचं तर पाठीशी बोलायचं.

त्या घरात प्रत्येक कापडाला एक चिठ्ठी टोचलेली असे. तीन ओळी: कोणाचं, माप कधी घेतलं, द्यायचं कधी. मुलीच्या फ्रॉकलाही. फरक एवढाच, की गिऱ्हाइकाचं काम आलं की तिच्या चिठ्ठीवरची द्यायची तारीख खोडून पुढची घातली जाई. एका फ्रॉकच्या चिठ्ठीवर पाच तारखा खोडलेल्या तिला आठवत होत्या. फ्रॉक हातात आला तेव्हा तो काखेत घट्ट होत होता.

"माझी लेक शहाणी," आई शेजारणींना सांगे. "कधी काही मागत नाही."

मग ती खरंच कधी काही मागेनाशी झाली.

आठ तारखेला दोघी डॉक्टरांकडे गेल्या. आई बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, हाड छान जुळलंय, आजपासून चालायला लागा, घरात काठीचीही गरज नाही. ती मुद्दाम कुबडीवरच बाहेर आली असं नव्हतं. कुबडी हातात होती म्हणून तिच्यावर आली.

आई उठून उभी राहिली. "मग? दादाला सांगू का उद्याच्या गाडीचं तिकीट काढायला?"

"अजून तीन आठवडे टेकवायचा नाही म्हणाले."

इतकं सहज आलं तोंडातून, की क्षणभर तिलाच ते खरं वाटलं. आईने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं," आई म्हणाली आणि तिची पर्स आपल्या खांद्याला अडकवली.

त्या रात्री स्वयंपाकघरातून आईचा फोनवरचा आवाज आला. "पुढे ढकल रे. माझं काय एवढं? तिचा पाय जमिनीला लागू दे, मग बघू."

"काय पुढे ढकललंस?" तिने पलंगावरून विचारलं.

"काही नाही गं. छातीची तपासणी होती, नेहमीची. जिना चढताना थोडा दम लागतो, म्हणून दादा घाबरतो उगाच."

तेव्हा सांगता आलं असतं. उशी नीट करत करत, हसण्यावारी नेत. जीभ रेटली नाही. उद्या सांगू, असं तिने त्या दिवशी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

आई भाजी आणायला खाली गेली की ती उठे. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. पंचवीस फेऱ्या, डॉक्टरांनी सांगितल्या तशा. कान जिन्याकडे. आईची पावलं पहिल्या वळणाशी थांबत, मग दुसऱ्या वळणाशी थांबत, दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्त. त्या थांबण्याचा तिला उपयोग होई. तेवढ्यात पलंगावर जाऊन पाय उशीवर ठेवता येई.

"ह्या घरात धूळ फार," एकदा तिचे मोजे धुवायला घेताना आई म्हणाली होती, तळव्याची बाजू उजेडाकडे करून. "रोज झाडते तरी."

बारा तारखेच्या सुमारास आईने पायाभोवती टेपही फिरवला होता. सूज उतरते का बघते, म्हणाली. त्याच आठवड्यात तिच्या बोटाला चिंधी होती. सुई लागली, म्हणाली.

एकोणीस तारखेला पावलं पहिल्या वळणाशी थांबली. ती पलंगावर जाऊन निजली, पाय उशीवर ठेवला आणि पावलं पुन्हा सुरू होण्याची वाट बघत राहिली.

पावलांच्या जागी शेजारणीची हाक आली.

आज सात वाजता नेहमीप्रमाणे दादाचा फोन आला.

"कसा गेला पहिला दिवस?"

"बरा. पाय ठणकतोय."

"बसत जा मधूनमधून. हट्टीपणा करू नकोस आईसारखा." मग तो म्हणाला, "तू होतीस ना जवळ, एवढंच मला बरं वाटतं. मी असतो तर काय, मी ऑफिसात असतो."

"दादा..."

"काय?"

"काही नाही. जेवलास का?"

फोन ठेवून तिने जुने काळे बूट काढले. पाय अर्धा आत गेला आणि अंगठ्याशी अडला. बाजूची शिवण दोन बोटं उसवली तर जागा होईल, असं तिला वाटलं. त्यासाठी बारीक टोकाची कात्री हवी होती, आणि ती आईच्या शिवणाच्या पिशवीत होती. तेराव्यानंतर साड्या दादा घेऊन गेला होता. पिशवीवर हात ठेवून तो म्हणाला होता, ही तूच ठेव. तेव्हापासून ती दाराच्या मागे खिळ्याला लटकत होती. येता-जाता दाराला धक्का लागला की आतले डबे खुळखुळत.

तिने पिशवी काढून पलंगावर ठेवली. वर टेप होता. मग सुयांचा डबा, खडूचे तुकडे, दोऱ्याची रिळं. कात्री लगेच सापडली. तिच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, दोऱ्याने बांधलेलं.

आत बूट होते. बंद बूट, निळ्या जाड कापडाचे. कारखान्यातून ती घरी आणत असे त्याच चिंध्यांचे, तीन पदरी, पुढे गोल आणि रुंद. खाली रबराचा जाड तळ हाताने शिवलेला. टाका इतका एकसारखा होता की तो यंत्राचा वाटला असता. पण उजव्या बुटाच्या तळाशी, टाचेजवळ, एक तपकिरी ठिपका सुकला होता. घरात पलंगावर पडलेल्या माणसाला असला तळ लागत नाही. असला तळ रस्त्यावर लागतो.

डाव्या बुटाला चिठ्ठी टोचलेली होती. आईचं सरळ, मोठं अक्षर. तीन ओळी.

कोणाचं: घरचं.

माप: १२.

द्यायचं: मागेल तेव्हा.

काहीही खोडलेलं नव्हतं.

ती चिठ्ठी धरून बसून राहिली. कितीतरी वेळाने खाली जिन्यात कोणाची तरी पावलं वाजली, वळणाशी न थांबता वर आली आणि कुठल्याशा दारात शिरली. मग तिने पाय बुटात घातले. उजवा सहज गेला. अंगठ्याच्या बाजूला बोटभर जागा मोकळी होती, सूज उतरल्यावर ती आत कापूस भरून बंद करता आली असती. ती उठली, खिडकीपासून दारापर्यंत गेली, दारापासून खिडकीपर्यंत आली. मोजलं नाही.

सकाळी मास्तर खाली वाकले आणि तिच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं.

"तीन पदरी. हरकत नाही. कोणाचं काम म्हणायचं हे?"

"आईचं."

एवढ्यावर रेडिओ बटणांचा डबा घेऊन टेबलाशी हजर झाली. "बघू, बघू! अगं बाई, हे तर आपलंच कापड. काय टाका आहे! एवढ्या धावपळीत त्यांनी शिवले कधी हो?"

तिने खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावर कापडाच्या थरावर ठेवली. रेडिओने ती उचलली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"बारा तारीख," रेडिओ म्हणाली. "म्हणजे त्या जायच्या आधी आठवडाभर. पण तेव्हा तर तुमचा पाय..." ती बुटांच्या तळाकडे बघत राहिली. रस्त्याची थोडी माती त्यांना आताच लागली होती.

"मला चालता येत होतं," ती म्हणाली. "आठ तारखेपासून. मी सांगितलं नव्हतं."

शेजारी इस्त्रीची वाफ फुसफुसली आणि थांबली.

चिठ्ठी रेडिओने होती तशी घडी करून परत कापडावर ठेवली, तिच्यावर खडू ठेवला, उडू नये म्हणून. मग मागे जाऊन कोपऱ्यातलं स्टूल उचलून आणलं.

"बसा आता," ती हळूच म्हणाली. बटणांचा डबा उचलून ती आपल्या टेबलाकडे वळली.

संध्याकाळी सातला दादाचा फोन येणार होता. तिने खडू उचलला, साचा सरळ केला आणि स्टुलावर बसली.