कोवळं ऊन

बाळाला तेल चोळून कोवळ्या उन्हात निजवायचं, हे मला कुणी शिकवायला नको. चार पोरं मी अशीच वाढवली. सत्त्याण्णव साली प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर नातवाला, यशराजला, दहा मिनिटं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गाल लालभडक. मी सुनेवर तोंड सोडलं. तिच्या माहेरचं तेल वाईट म्हणून खोबरेल आणलं, मग तिळाचं. दर वेळी फोड.

"आई, तेलाचं नाही, उन्हाचं आहे," स्नेहल म्हणाली.

"तुझ्या लेकासाठी सूर्य वेगळा उगवतो का गं?"

तिने खिडक्यांना जाड चादरी लावल्या. शेजारच्या कमलाबेन हसल्या, मीही हसले. एकदा स्नेहल दांडिया बाजारात गेली तशी मी हट्टाने पोराला पुन्हा ओट्यावर नेलं. डावा गाल सोलून निघाला.

तेव्हा कुठे कातडीच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "आजी, ऊन आपल्या सगळ्यांच्याच पेशींतल्या डीएनएला इजा करतं. पेशी ती जागा हुडकते, बिघडलेला तुकडा कापते, नवा भरते. तुमच्या हातात आत्ताही ते चाललंय. याच्या पेशींना जन्मापासून ते जमत नाही. इजा साठत जाते आणि शाळेच्या वयातच कॅन्सर होऊ शकतो. उन्हापासून जपलंत, तर वाचेल."

मी माझ्या हातांकडे बघत बसले. साठ वर्षं उन्हात पापड घातले, गहू वाळवले, आणि आतल्या कुणी कधी कुरकुर केली नाही. देवापाशी नाही नाही ते मागितलं मी, पण या न मागता मिळालेल्यासाठी हात जोडायचं कधी सुचलं नव्हतं. तिथेच जोडले.

यंदा यशराज आठ वर्षांचा झाला. अंगभर कपडे, टोपी, चष्मा, पडदे लावलेली रिक्षा. सगळं स्नेहल बघते. परवा तपासणीला बाईंनी भिंगातून इंचन् इंच पाहिलं.

"कॅन्सर कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "पण डाव्या गालावरच एवढे डाग कसे?"

मी तोंड उघडणार, तोच स्नेहल म्हणाली, "आम्हाला काही माहीत नव्हतं ना, तेव्हाचे आहेत."

तिला माहीत होतं. मला सांगितलंही होतं. आणि माझा तो हट्ट तिने आजवर नवऱ्याच्यासुद्धा कानावर घातलेला नाही. बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला.

"चला आई," ती म्हणाली, "रिक्षावाला खोळंबलाय."